टेट्रिस : रिकामा ठेवलेला रकाना

शिलाँगमध्ये आम्ही पाच-सात मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. गेल्या खेपेस 'अलीकडे काय वाचले' या ठरलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी आमच्यावर आली, तेव्हा वाचन थोडे आणि टेट्रिस फार असे चालले आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगून टाकले. बैठकीतील ज्येष्ठ, ज्यांना सारेच नाना म्हणतात, ते हसले नाहीत. "अहो, वेळ घालवायला काहीही करा," ते म्हणाले, "पण साहित्याच्या बैठकीत त्याचे नाव काढू नका. विटा पडतात, त्या लावायच्या. त्यात सांगण्यासारखे काय आहे?" तेवढ्यात चहा आला आणि उत्तर द्यावयाचे राहून गेले. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत. कारण प्रश्न रास्त होता, आणि तो आम्हांस केवळ खेळापुरता वाटला नाही.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलाच नसेल असे थोडे असतील. दहा घरे रुंद आणि बहुधा वीस घरे उंच असा एक उभा हौद; त्यात वरून एकेक तुकडा खाली येतो; तो डावी-उजवीकडे सरकवावा, फिरवावा आणि जागी बसवावा; एक आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि वरचा ढीग तेवढा खाली उतरतो. ढीग माथ्याला टेकला की खेळ संपला. वेग मात्र वाढत राहतो. आमच्या पिढीला हा खेळ 'ब्रिक गेम' या नावाने भेटला. मिरजेच्या उरुसातून वडिलांनी आणलेले ते करड्या रंगाचे यंत्र, त्यावर छापलेली नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळांची थाप आणि दोन पेन्सिल सेल संपत आले की फिकट होत जाणारे ते चौकोन अनेकांस आठवत असतील. ते यंत्र ज्या खेळाची नक्कल होते त्याचे नाव टेट्रिस, हे आम्हांस पदवीधर होईपर्यंत ठाऊक नव्हते.

या खेळाचा कर्ता अलेक्सेई पाजित्नोव्ह हा सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या मॉस्को येथील संगणन केंद्रातला नोकर, म्हणजे आपल्यासारखाच सरकारी माणूस. १९८४ साली त्याने इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्रावर हा खेळ रचला. त्या यंत्रास चित्र काढता येत नव्हते. म्हणून पडणारे चौकोन त्याने कंसाच्या चिन्हांनी दाखविले. टंकलेखनाच्या चिन्हांतून जन्मलेली ही कलाकृती लिपिकास जवळची वाटावी यात नवल नाही. पुढे वादिम गेरासिमोव्ह या सोळा वर्षांच्या मुलाने ती आयबीएमच्या यंत्रावर आणली, मग ती देशाबाहेर गेली, आणि १९८९ साली निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातातल्या यंत्राबरोबर घरोघरी पोहोचली. कर्त्याला मात्र तिच्यावरचे मानधन १९९६ नंतरच मिळू लागले. सरकारी यंत्रावर, सरकारी नोकराने केलेल्या वस्तूची मालकी कोणाची, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाही. त्या हक्कांच्या ओढाताणीवर २०२३ साली एक चित्रपटही निघाला. आम्ही तो पाहिला. त्यातील पाठलाग आणि धावपळ पाहताना खेळाची आठवण येत राहिली, एवढेच त्याविषयी पुरे.

पाजित्नोव्हला मूळ कल्पना सुचली ती पेंटोमिनो या लाकडी तुकड्यांच्या कोड्यावरून. पाच-पाच चौकोन जोडून बारा आकार होतात. त्यांचे साठ चौकोन सहा बाय दहाच्या पेटीत नेमके बसवावयाचे. ते बसतातही, आणि एकदोन नव्हे, २३३९ निरनिराळ्या प्रकारे बसतात. बदलीच्या वेळी ज्याने ट्रंका भरल्या आहेत त्याला हा आनंद समजावून सांगण्याची गरज नाही. बादलीत कढई, कढईत डबे, डब्यात चमचे, आणि उरलेल्या फटीत मोजे. शेवटी झाकण कोणी वर न बसता लागले, की संसार अजून आटोक्यात आहे असे वाटते. पेंटोमिनोचा आनंद या झाकण लागण्याचा आहे. तो खरा आहे, परंतु एकदाच मिळतो.

टेट्रिसचा आनंद याहून वेगळा आहे, आणि या खेळाचा विचार करणाऱ्याने येथेच थांबले पाहिजे. पाजित्नोव्हने पाचाचे चार चौकोन केले, त्यामुळे आकार सातच उरले आणि माणसाच्या नजरेत मावू लागले. ते पडते केले. परंतु मग त्याच्या लक्षात आले की हौद काही क्षणांत भरून जातो आणि भरलेला भाग नुसता जागा अडवून बसतो. तेव्हा भरलेली ओळ त्याने पुसून टाकली. आमच्या मते सारी प्रतिभा या एका पुसण्यात आहे. त्यापूर्वी ते कोडे होते. त्यानंतर त्याला काळ लाभला. पेटीच्या जागी प्रवाह आला.

दुसरी गोष्ट त्या सात आकारांची. लांब पट्टी, चौकोन, टी, परस्परांची प्रतिबिंबे असलेले दोन एल आणि तसेच दोन नागमोडी. प्रत्येकी चार, मिळून अठ्ठावीस चौकोन. या सातांचा एक सलग आयत करावयास बसावे तर तो होत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरे आखली, तर सहा आकार कोठेही ठेवा, दोन काळी आणि दोन पांढरी घरे व्यापतात. एकटा टी तीन एका रंगाची आणि एक दुसऱ्या रंगाचे व्यापतो. त्यामुळे बेरीज पंधरा-तेरा होते, आणि अठ्ठावीस घरांच्या कोणत्याही आयताला चौदा-चौदा हवी असतात. म्हणजे बापाच्या घरात दोन हजारांवर प्रकारांनी जो संवाद साधत होता, तो लेकाच्या घरात एकदाही साधू नये अशी ही जडणघडण आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीच्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आकाशवाणीच्या नोकरीत महाराष्ट्राबाहेर राहिलेला आणि १९५६ साली दिल्लीतच निवर्तलेला हा कवी आपल्या वर्गाचा म्हणून आम्हांस अधिकच आपला वाटतो. या खेळाविषयी ते काय म्हणाले असते हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि त्यांचे तीन शब्द हाती धरून हौदाकडे पाहिले, तर त्याचा उलगडा अन्य कोणत्याही मार्गापेक्षा बरा होतो. तुकडा खाचेत बसतो तो संवाद. नागमोडी आकार सपाट जागेवर पडून खाली पोकळी ठेवतो तो विरोध. आणि ढीग कोठेही फार न चढू देता सांभाळावयाचा तो समतोल. चांगल्या कवितेत हे तिन्ही कवीने आधीच साधलेले असतात. येथे ते दर दोन-तीन सेकंदांस नव्याने साधावे लागतात, आणि साधले की पुसले जातात.

या खेळात विजय नाही. हायडी बर्गील या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली सिद्ध केले की दोन नागमोडी आकार एकाआड एक येत राहिले, तर दहा घरांच्या हौदात कितीही कुशल खेळाडू शेवटी बुडणारच; आणि तुकडे खरोखर यदृच्छेने येत असतील तर तशी माळ कधी ना कधी येणारच. नंतरच्या अधिकृत आवृत्त्यांत सातही आकारांचा गठ्ठा पिसून वाटावा तसे तुकडे येतात, त्यामुळे तसा दुष्काळ पडत नाही. आम्हांस ही दया फारशी रुचली नाही. पट्टी अमुक एका मर्यादेत येणारच, हे ठाऊक असले की वाट पाहण्यातले पाणी जाते. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोची जुनी आवृत्ती सुमारे अडतीस मिनिटे खेळून १५७ व्या पातळीस नेली आणि तेथे यंत्रच थिजले. वृत्तपत्रांनी याला यंत्रावर माणसाचा विजय म्हटले. मुलाचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु जो खेळ जिंकताच येत नाही तो मोडेपर्यंत खेळणे, याला विजय म्हणावे की दुसरे काही, याचा निर्णय आम्हांस करवत नाही.

टेट्रिसविषयी एक सुभाषितवजा वाक्य सर्वत्र ऐकू येते : केलेले काम नाहीसे होते आणि चुका तेवढ्या साचत जातात. कार्यालयात ते फार लोकप्रिय आहे, आणि का असू नये? निकाली निघालेल्या फाईलविषयी कोणी विचारीत नाही. प्रलंबित असलेलीच टेबलावर दिसते. आम्हीही हे वाक्य अनेकदा सुस्काऱ्यासह उच्चारले आहे. परंतु इतकी वर्षे खेळल्यावर ते अर्धेच खरे वाटू लागले आहे. ओळ नाहीशी होते ती काम वाया गेले म्हणून नव्हे; पुढच्या तुकड्याला जागा व्हावी म्हणून. आणि चुका साचतात हेही पुरते खरे नाही. पोकळीवर छप्पर पडले म्हणजे ती कायमची बुजली असे नव्हे. तिच्या वरच्या ओळी धीराने पूर्ण कराव्या. त्या गेल्या की पोकळी पुन्हा उघडी पडते आणि भरता येते. नवशिके पहिली चूक झाली की हताश होऊन वेगाने तुकडे टाकू लागतात. जाणता खेळाडू ओळखावयाचा असेल तर तो उकरतो कसा हे पाहावे. सपाट जागेवर नीट रचणे कोणालाही जमते. आमच्या समजुतीने या खेळाचा सर्वांत खोल आनंद या उकरण्याचा आहे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

त्याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट आहे. तुकडा स्वतः चांगला वा वाईट नसतो. ज्या नागमोडी आकाराला आपण शिव्या देतो, त्याच्यासाठी एक घराची पायरी आधीच ठेवलेली असेल तर तोच दैवी देणगी ठरतो. नशीब वरून येते खरे, पण ते ज्या जमिनीवर पडते ती आपण रचलेली असते.

आता त्या रिकाम्या रकान्याविषयी. जुन्या आवृत्तीत पहिल्या पातळीवर एक ओळ पुरी केली तर चाळीस गुण मिळतात, दोन एकदम केल्या तर शंभर, तीन तर तीनशे आणि चार एकदम केल्या तर बाराशे. चार ओळी एकेक करून एकशेसाठ होतात. एकदम केल्या तर त्याच्या साडेसातपट. चार एकदम फक्त लांब पट्टीनेच होतात. म्हणून मुरलेला खेळाडू नऊ रकाने भरत जातो आणि कडेचा दहावा मुद्दाम रिकामा ठेवतो. पट्टी येईल. या वेळी नाही तर पुढच्या. तोवर प्रत्येक नवा तुकडा त्या नऊ रकान्यांतच कोंबावयाचा, ढीग चढत जातो, वेग वाढत जातो, आणि रिकाम्या रकान्याला दुसरे काही लावले तर सारी मांडणी फुकट गेल्यासारखी वाटते. या आकड्यांतच खेळाचे नाट्य आहे. ज्याने हे गुण ठरविले त्याला माणसाची आशा किती भावाने विकली जाते याची पक्की जाण होती.

शिलाँगला येऊन आम्हांस हा तिसरा हिवाळा. पुण्यास बदली मिळावी म्हणून अर्ज गेलेला आहे, आणि येथे हिवाळ्यात पाचच्या आतच अंधार होतो. कार्यालय सुटते तेव्हा रात्रच असते. कुटुंब मिरजेस आहे, कारण मुलीची शाळा मध्येच मोडावयाची नाही. हुकूम कोणत्याही महिन्यात येईल म्हणून आम्ही दुसरी ट्रंक उघडली नाही, धड पलंग घेतला नाही, पुस्तकांना फळी ठोकली नाही. बडा बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांशी बोलावयास खासी भाषेतला 'खुब्लेइ' हा एक आभाराचा शब्द एवढीच आमची तीन वर्षांची कमाई. येथल्या सहकाऱ्याने दोनदा घरी जेवावयास बोलाविले. पुढच्या महिन्यात पाहू, असे आम्ही म्हणालो. एका रात्री खेळताना ढीग अठराव्या घरापर्यंत चढला असता कडेच्या त्या उभ्या काळ्या फटीकडे आमचे लक्ष गेले आणि ओळखीचे काही तरी पाहिल्यासारखे वाटले. दूरच्या चाकरीतल्या आमच्या वाचकांपैकी किती जणांच्या घरी अशी न उघडलेली ट्रंक असेल, हे आम्ही विचारीत नाही. वाट पाहणे चूक असे आमचे म्हणणे नाही, पट्टी येतेही. प्रश्न एवढाच की ढीग किती चढेपर्यंत.

हा खेळ मनात किती खोल उतरतो याचे दाखले प्रयोगशाळांतूनही मिळाले आहेत. १९९४ साली कर्श आणि मॅग्लिओ या दोघा संशोधकांनी दाखविले की कसलेले खेळाडू तुकडा गरजेपेक्षा अधिक फिरवतात. तो डोक्यात फिरवून पाहण्यापेक्षा पडद्यावर फिरविणे लवकर होते म्हणून. म्हणजे येथे बोटेच विचार करतात. २००० साली हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी सत्तावीस जणांना तीन दिवस हा खेळ खेळावयास लावले. झोप लागता लागता अनेकांना पडणारे तुकडे दिसू लागले. त्यांत पाच जण असे होते की मेंदूच्या इजेमुळे त्यांना नवी आठवण राहत नसे. आपण हा खेळ खेळलो हेही त्यांना सांगता येत नव्हते. त्यांपैकी तिघांनाही ते आकार दिसले. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा कितीतरी वेळ दिवा मालवला नाही. कोणत्या कादंबरीला असा वाचक लाभला आहे, जो पुस्तक वाचल्याचेच विसरला आणि तरी ज्याच्या पापण्यांआड तिची पाने उलटत राहिली? पुढे २००९ साली ऑक्सफर्डच्या एमिली होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस जणांना अपघाताची भीषण दृश्ये दाखविली आणि अर्ध्या तासाने त्यांतील निम्म्यांना दहा मिनिटे टेट्रिस दिला. नंतरच्या आठवड्यात ती दृश्ये आपोआप डोळ्यांपुढे येण्याचे प्रमाण खेळलेल्यांत कमी आढळले. मनात चित्रे जेथे तयार होतात ती जागाच हा खेळ अडवून बसतो, असे दिसते. त्याचे सांत्वन येथून येते, आणि आमची धास्तीही येथूनच सुरू होते.

कारण नानांचा आक्षेप येथे पुन्हा उभा राहतो, आणि या खेपेस आम्हांस तो टाळता येत नाही. सांगण्यासारखे काय आहे, असे त्यांनी विचारले होते. रचना आहे, लय आहे, नाट्य आहे, स्वभावाची परीक्षाही आहे. हे सारे आम्ही वर मांडलेच. नाही तो शब्द. गेम बॉयच्या आवृत्तीत जी चाल वाजते ती 'कोरोबेइनिकी' या रशियन लोकगीताची आहे. त्या गीताचे मूळ निक्रासोव्ह या कवीच्या १८६१ मधील फिरत्या विक्रेत्यांवरील काव्यात आहे. खेळाने चाल ठेवली आणि शब्द वगळले. कोट्यवधी लोकांना ती गुणगुणता येते, आणि ती कोणाची, कशाविषयीची, हे विचारण्याची त्यांच्यावर कधी वेळ येत नाही. टेट्रिस साऱ्या जगात चालला तो याच वगळण्यामुळे. तो मॉस्कोत, टोकियोत, मिरजेच्या उरुसात आणि शिलाँगच्या भाड्याच्या खोलीत सारखाच समजतो, कारण तो कोणाच्याच भाषेत नाही.

ज्याला दिवसभर हिंदी-इंग्रजीत टिपण्या लिहावयाच्या आणि बाजारात खुणांनी बोलावयाचे, त्याला संध्याकाळी असा निःशब्द आश्रय गोड वाटतो. आम्हांस वाटला. परंतु दोन तास खेळून उठल्यावर आमच्या ध्यानात आले की या दोन तासांत मनात मराठीचे एकही वाक्य उमटले नव्हते. ज्या कादंबरीसाठी आम्ही पूर्वी संध्याकाळ खर्च करीत असू, ती कितीही सुमार असली तरी तिच्याविषयी रात्री फोनवर चार वाक्ये बोलता येत. तिच्यातील नायिकेवर घरी वाद होई. टेट्रिसविषयी काय बोलणार? पत्नी विचारते, "अहो, काय करत होतात?" आणि आम्ही म्हणतो, "काही नाही." ही थाप नसते. कलाकृती म्हणून या खेळाची उणीव आम्हांस याहून अचूक शब्दांत सांगता येणार नाही.

परवा मात्र आम्ही उत्तर बदलले. तोच प्रश्न आला, तेव्हा लांब पट्टी येण्याची वाट पाहत होतो, असे सांगितले. मग पट्टी म्हणजे काय, रकाना रिकामा का ठेवावा, बाराशे गुण कसे मिळतात, हे सारे समजावून सांगावे लागले. तिने शांतपणे ऐकून घेतले. "मग आली का?" तिने विचारले. आली नव्हती. ढीग फार चढला, तेव्हा एल आकाराच्या तुकड्याने आम्ही तो रकाना वरूनच बुजवला होता; दोन ओळी गेल्या, शंभर गुण मिळाले, आणि आणखी बराच वेळ खेळता आले.